पायऱ्यांवर बसलेली

डाव्या गालाची दाढी झाली होती आणि उजव्या गालावर फेस होता, तेव्हा फोन वाजला. माझे दोन्ही हात त्या पांढऱ्या कापडाखाली. सलूनवाल्याने न विचारता माझ्या खिशात हात घातला, फोन काढला, बटण दाबलं आणि दोघांनाही सारखं ऐकू येईल अशा न्याय्य अंतरावर धरला. "सर, स्कॅनिंगमधून बोलतेय," पलीकडून आवाज आला. "मुखपृष्ठाचा फोटो आहे ना, त्यात पायऱ्यांवर एक बाई बसलीये. काढू का ठेवू?" मी म्हणालो, त्यात बाई नाही, त्यात कोणीच नाही. "आहे सर. डोक्याला रुमाल बांधलेली." मी म्हणालो, तो डाग आहे, निगेटिव्ह धुताना पाणी सुकून राहिलेला, जुना. "डागाला कोपर आहे सर," ती म्हणाली. सलूनवाल्याचा वस्तरा हवेत थांबला. त्याचा माझ्यावरचा विश्वास उडालेला समोरच्या आरशात स्पष्ट दिसत होता. "मान हलवू नका," तो म्हणाला. मी हलवली नव्हती. मग मात्र मी सबंधच हललो. उठलो, कापड त्याच्या हातात दिलं, उजव्या गालावरचा फेस त्या कापडालाच पुसला आणि बाहेर पडलो. "साहेब, अर्धी राहिली!" तो दारातून ओरडला. सगळ्या रस्त्याला कळलं.

माझं नाव ज्यांना माहीत आहे त्यांना माझ्याबद्दल एवढंच माहीत आहे, की माझ्या फोटोत माणूस नसतो. चाळीस वर्षं मी जुन्या वास्तूंचे, उजाड मुलखांचे आणि रात्रीच्या आकाशाचे फोटो काढले, आणि त्यांत एकही माणूस येऊ दिला नाही. आता निघणाऱ्या पुस्तकाचं नावसुद्धा 'निर्मनुष्य'. युक्ती साधी आहे. भिंगापुढे काळी काच लावायची, इतकी काळी की भर दुपारी आठ मिनिटं उघडं ठेवलं तरच आतल्या फिल्मला काही उमगतं. त्या आठ मिनिटांत जे हलतं ते फिल्मवर उमटत नाही. पाचशे माणसं त्या पायऱ्या चढोत, उतरोत, एकमेकांचे फोटो काढोत, केळी खाऊन सालं टाकोत, फिल्मच्या लेखी ती नसतातच. उरतो दगड. केळ्याची सालंसुद्धा उरतात, ती नंतर प्रिंटवर शून्य नंबरच्या ब्रशने घालवावी लागतात. एका मुलाखतीत मी म्हणालो होतो, की माणूस हा दृश्यातला दोष आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे माणसंच होते, पण त्यांना वाटलं मी बाकीच्यांबद्दल बोलतोय. शटरची केबल दाबली की मी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून उभा राहत असे, कारण ती आठ मिनिटं त्या गर्दीकडे बघणं मला सहन होत नसे. एक सिगारेट आणि दुसरीचा अर्धा भाग, की आठ मिनिटं झाली. घड्याळ लागत नव्हतं. बायको तेवढ्यात चहा आणायला जायची. परत आली की मी म्हणायचो, एवढा वेळ? ती म्हणायची, रांग होती.

स्कॅनिंगचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद असते आणि ती बंद असल्याची पाटी लिफ्टच्या आत लावलेली आहे. मी जिना चढताना एका बाजूने खाली येणाऱ्या माणसांना सभ्य दिसत होतो आणि दुसऱ्या बाजूने संशयित. माणसं मला नेहमीच आवडत नाहीत, पण जिन्यातली जास्तच. ती आपल्या अंगावरून वाहतात आणि प्रत्येकाला एक वास असतो. स्कॅनिंगवाली चाळिशीची असेल, चष्मा दोरीने गळ्यात. तिने माझ्या दोन गालांकडे आळीपाळीने पाहिलं आणि जे म्हणायचं होतं ते गिळलं, याबद्दल मी तिला मनातल्या मनात एक गुण दिला. मग तिने पडद्यावर माझा फोटो उघडला आणि तो गुण मी परत घेतला. चाळीस वर्षं मी हा फोटो हातभर आकारात पाहिला होता. इथे तो भिंतीएवढा होता आणि ती आत आत शिरत होती: आधी सगळं दगडी प्रेक्षागृह, मग डावी बाजू, मग खालून सातवी पायरी, मग त्या पायरीवरचा तो डाग, ज्याच्यावर मी प्रत्येक प्रिंटमध्ये करड्या शाईचे टिपके भरत आलो. डागाने गुडघे जवळ घेतले होते. डागाने उजवं कोपर गुडघ्यावर टेकून हनुवटी मुठीवर ठेवली होती. भोवतीचे पाचशे लोक वितळून गेले होते आणि ही बाई दगडाइतकी ठळक बसली होती.

"अशी अजून आहेत सर," स्कॅनिंगवाली म्हणाली, डॉक्टर ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात. "मी मग सगळेच मोठे करून बघितले. हा धरून अकरा निघाले." तिने ते एकामागोमाग एक दाखवले. कमानींच्या कोरड्या पडलेल्या जलमार्गाखाली, तिसऱ्या खांबाच्या सावलीत, गुडघ्यावर कोपर. बुरुजाच्या कठड्यावर, मुठीवर हनुवटी. वाळवंटातल्या त्या एकुलत्या मनोऱ्याच्या पायथ्याशी, तांदळाच्या दाण्याएवढी, मुठीवर हनुवटी. आणि मग तो आकाशाचा फोटो, ज्यात ध्रुवाभोवती चांदण्यांच्या दोन तासांच्या वर्तुळरेषा आहेत आणि खाली काळा डोंगरकडा. त्या कड्यावर एक खडक आहे. त्या खडकाबद्दल प्रस्तावनेत एक सबंध पान आहे. प्रस्तावनाकाराने त्यात विश्वाच्या फिरण्यापुढे निश्चल राहणाऱ्या जडाचा मौन प्रतिकार वगैरे पाहिला आहे. स्कॅनिंगवालीने काळोख थोडा उजळला. खडकाला हनुवटी होती. मला ती बसण्याची तऱ्हा ओळखायला अकरावा फोटो लागला, आणि खरं सांगायचं तर अकराव्यालाही मी आधी ओळखलं ते स्वयंपाकघरातलं स्टूल. त्या स्टुलावर ती रोज अशी बसते, दूध उतू जायची वाट बघत, गुडघ्यावर कोपर. स्टूल आधी डोळ्यांसमोर आलं आणि मग त्याच्यावर बायको.

घरी जाताना मला आलेला राग हा साधा राग नव्हता. साधा राग मला ओळखू येतो, तो मला आठवड्यातून चारदा येतो. हा राग चोरी झालेल्या माणसाचा होता, ज्याच्या घरात चोर तीस वर्षं राहून गेला आणि जाताना काहीच घेऊन गेला नाही, उलट ठेवून गेला. मला एकेक आठवायला लागलं. मनोऱ्यापाशी चहाचं दुकानच नव्हतं. साठ मैलांत नव्हतं. तिने थर्मासमधला चहा दिला होता आणि तरी म्हणाली होती, रांग होती; आणि मी मान डोलावली होती, कारण माझा अर्धा जीव ढगांत होता. डोंगरावरच्या रात्री ती म्हणाली होती, मी गाडीत झोपते. पहाटे तिचे हात इतके गार होते की कपबशी वाजत होती, आणि मी म्हणालो होतो, काचा नीट लावून झोपावं माणसाने. हे सगळं तिने ऐकून घेतलं होतं. ऐकून घेणं हा तिचा धंदाच होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ती दुसऱ्यांची बोलणी जोडून देत बसली, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच शांतपणे सांगायची, आपली वेळ संपली. बसण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. हे मी चारचौघांत विनोद म्हणून सांगत असे.

ती टेबलापाशी मटार सोलत होती. "अर्धं तोंड कुठे विसरलात?" ती म्हणाली.

"तू बसायचीस," मी म्हणालो.

"कुठे?"

"पायऱ्यांवर. कठड्यांवर. माझ्या फोटोत."

तिने हातातली शेंग फोडली, दाणे भांड्यात पाडले, एक किडका निघाला तो बाजूला ठेवला. "सापडले म्हणायचे एकदाचे," ती म्हणाली. "कोणाला सापडले?"

"स्कॅनिंगवालीला."

"वाटलंच. तुम्हाला नसणार. किती निघाले?"

"अकरा."

"एवढेच?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखरच पडला. "बाकीच्यांत हलले असेन मग."

मी म्हणालो, तुला कळतंय का तू काय केलंस. तिने विचारलं, काय केलं? मी म्हणालो, माझ्या आयुष्यभराच्या कामात तू जाऊन बसलीस. ती म्हणाली, मग कुठे बसायला हवं होतं? हे असं असतं. मी वाक्य टाकावं आणि तिने ते माझ्याच हातात परत द्यावं, पाकीट न फोडता. मी विचारलं, का पण? आणि तिने मटाराची चाळण बाजूला सरकवली, ज्याचा अर्थ आमच्या घरात असा होतो की आता जे बोललं जाईल ते एकदाच बोललं जाईल.

"आपला दुसरा प्रवास. त्या मोठ्या कमानीपाशी. तुम्ही कॅमेऱ्यावरच्या त्या काळ्या कापडात डोकं घालून बसला होतात, आणि मी कमानीखाली उभी होते. तुम्ही आतून ओरडलात, ओ बाई, बाजूला व्हा! दीडशे माणसं होती तिथे. मी मागे वळून बघितलं, कुठल्या बाईला म्हणतायत म्हणून."

"काचेवर चित्र उलटं दिसतं," मी म्हणालो. "सगळ्यांची डोकी खाली असतात."

"मग चपला तर वर असतील. त्या तुम्हीच घेऊन दिल्या होत्या." ती थांबली. "त्या संध्याकाळी तुम्हीच मला समजावून सांगितलंत ते. फार छान सांगितलंत, मला अजून आठवतं. जो हलतो तो जातो, जो हलत नाही तो राहतो. म्हटलं, बरं. नाही हलत."

"तीस वर्षं?"

"आधी वाटलं, पहिल्याच खेपेला सापडेल. मग वाटलं, दुसऱ्या. मग मला त्याचीच गंमत वाटायला लागली. रोज उठून कोण एवढं मोठं भिंग घेऊन दगड तपासतं, आणि त्याच्या शेजारी बसलेली बायको दिसत नाही. मी एक्स्चेंजमध्ये मैत्रिणींना सांगायचे. त्या पैजा लावायच्या."

म्हणजे एका सबंध खात्याला हे ठाऊक होतं. शहरातला प्रत्येक फोन जोडताना कोणीतरी मला हसत होतं. मी म्हणालो, पुस्तकाचं नाव निर्मनुष्य आहे. छापायला जातंय. "हो ना," ती म्हणाली, "मग काढा मला. मी कुठे नको म्हणतेय? फक्त माझ्यासमोर काढा. कसं काढतात ते मला बघायचंय. आणि ते झालं की मी धाकट्या बहिणीकडे राहायला जाईन म्हणते. तिची मागची खोली रिकामी आहे." मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, खोली रिकामी आहे म्हटलं ना. मी विचारलं, आणि नाही काढलं तर? तिने चाळण पुन्हा पुढे ओढली. "तर बघू," ती म्हणाली. आवाज एक्स्चेंजचा होता. त्या आवाजात ती तीन मिनिटं झाल्याचं सांगत असे.

दुपारभर मी निगेटिव्हचं कपाट उघडून बसलो आणि माझ्या बायकोला शोधत राहिलो, लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत प्रथमच. भिंग डोळ्याला लावून लावून डोळ्याभोवती वर्तुळ उमटलं. प्रत्येक दगड मला ती वाटायला लागला. खांबांच्या रांगेत मला तिचे खांदे दिसत, आणि जवळ जावं तर खांबच. हे तिने करून ठेवलं होतं: आता माझा एकही फोटो निर्जन राहिला नव्हता. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो आणि मनातसुद्धा शेवटचं वाक्य तिचंच होत होतं. काढावं तर ती जाणार. ती गेली तर घरात फक्त मी आणि वस्तू, म्हणजे मी जन्मभर जे मागत आलो तेच. पण ते कोणी घरपोच आणून दिलं की माणूस पत्ता तपासतो. ठेवावं तर अकरा फोटोंत एक बाई, आणि नाव निर्मनुष्य, आणि समीक्षक. प्रकाशकाला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, तुमचं घरातलं आहे ते घरात मिटवा, मला परवा फाइल हवी." त्याला मी काही सांगितलंही नव्हतं; स्कॅनिंगवालीने सांगितलं असणार. एकूण मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत असण्याची परंपरा पुढे चालू होती.

मग मी मुखपृष्ठाचा फोटो हातात घेतला, आणि इथे माझ्याकडून एक हळवेपणा झाला, तो मी लपवत नाही. तो दिवस मला लख्ख आठवत होता. ऊन इतकं की दगडाला हात लावता येत नव्हता. तिने निळा रुमाल डोक्याला बांधला होता, सुती, कडेला पांढरी रेघ. पायऱ्यांच्या सावलीत बसून तिने मला दोन उकडलेली अंडी सोलून दिली होती आणि मीठ कागदाच्या पुडीत होतं, त्या पुडीवर कुणाच्या तरी गृहपाठाचं गणित होतं. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिने तो पिनेने अडकवला होता, आणि लंगडत चहा आणायला गेली होती. लंगडत! म्हणजे लंगडत जाऊन ती सातव्या पायरीवर बसली, त्या तापलेल्या दगडावर, आठ मिनिटं. माझ्या पाठीमागे. मी पाठ फिरवून सिगारेट ओढत होतो आणि ती माझ्या पाठीकडे बघत बसली होती. मी पाणी प्यायलो. मग मी एक निर्णय घेतला, आणि तो मला स्वतःलाच फार आवडला: दहांतून तिला काढायचं, पण मुखपृष्ठावर ठेवायचं. निर्मनुष्य असं नाव, आणि खाली एकच माणूस, आणि तो माझी बायको. बाकीचे दहा फोटो तिने चोरून मिळवले होते. हा मी तिला देणार होतो. तिच्या 'तर बघू'ला माझ्याकडून याहून मोठं उत्तर असू शकत नव्हतं. मी उद्या काय बोलायचं तेही ठरवलं. तीन वाक्यं. तिसऱ्यात थोडा थांबणार होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तो जिना चढलो. उरलेली दाढी मी घरी केली होती, घाईत, आणि हनुवटीखाली कापूस चिकटवला होता. बायकोने जरा बरं पातळ नेसलं होतं, लग्नाला जाताना नेसतात त्याहून कमी आणि दवाखान्यात जाताना नेसतात त्याहून जास्त. हातात नेहमीची पर्स आणि एक लहान पिशवी. पिशवीत काय आहे हे मी विचारलं नाही, कारण मला वाटलं अर्ध्या तासात ती रिकामी करायला लागणारच आहे. "या काकू," स्कॅनिंगवाली उठून उभी राहिली आणि तिने स्वतःची खुर्ची तिला दिली. माझ्यासाठी उठायची प्रथा तिथे नव्हती. "तुम्हाला केव्हाचं बघायचं होतं," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या, जुनी ओळख असल्यासारख्या.

"सुरुवात करा," मी म्हणालो.

पहिला जलमार्ग. "ही मी," बायकोने पडद्यावर बोट टेकवलं. "इथे मला मुंग्या चावत होत्या. पाय नाही हलवला." स्कॅनिंगवालीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने शेजारचा दगड उचलला आणि बायकोवर ठेवला. दोनदा, तीनदा, आणि तिथे दगड झाला. "शेजारचाच घेता होय?" बायको म्हणाली. "हो काकू, शेजारचा घेतला की रंग मिळतो." "छान. कळतसुद्धा नाही." दुसरा बुरूज. "ही मी. इथे एक माणूस मला विचारत होता, तुम्हाला बरं वाटत नाही का. मी डोळ्यांनी म्हटलं, जा." गेली. तिसरा, चौथा. प्रत्येक खेपेला ती चष्मा लावून वाकून बघायची, स्वतःला ओळखायची, त्या दिवशीचं एखादं वाक्य सांगायची आणि मग काढून टाकताना इतक्या कुतूहलाने बघायची की जणू दुसऱ्याच कोणाचा दात काढताहेत. मनोऱ्याच्या फोटोत ती म्हणाली, "यात मी मनात पाढे म्हणत होते. एकोणतीसच्या पाढ्याला अडकले, तेवढ्यात तुम्ही वळलात." मी म्हणालो, सांगायचं नाही का. कशाबद्दल म्हणालो ते मलाही कळलं नाही. आकाशाच्या फोटोपाशी स्कॅनिंगवालीच थांबली. "सर, हा राहू दे ना. हा खडकच दिसतो. आणि प्रस्तावनेत..." "काढा," मी म्हणालो. मुखपृष्ठाच्या दानाला वजन यायचं असेल तर आधीचं सगळं स्वच्छ झालं पाहिजे, असा माझा हिशेब होता. "दोन तास बसले होते यात," बायको म्हणाली. "पायांचं लाकूड झालं होतं. पण चांदण्या फिरताना दिसतात हं खरंच, नुसतं बसलं तर. तुम्ही तेव्हा गाडीच्या आडोशाला झोपला होतात, घोरत." डोंगरकडा सपाट झाला. प्रस्तावनेतलं पान आधीच छापून झालं होतं. वाचक तो खडक शोधत बसतील. माझी त्याला हरकत नव्हती.

दहा झाले. मग मुखपृष्ठ आलं, भिंतीएवढं. स्कॅनिंगवालीने सातव्या पायरीपाशी नेलं आणि हात माउसवर ठेवून थांबली. मी घसा साफ केला. हनुवटीखालचा कापूस पडला. "हा ठेवायचा," मी म्हणालो. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "पुस्तकात माणूस नाही. पण पुस्तकावर एक असेल." हे दुसरं वाक्य. तिसऱ्यापूर्वी मी ठरल्याप्रमाणे थांबलो, बायकोचा चेहरा बघायला, आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली होती, इतकी जवळ की तिच्या चष्म्यात त्या पायऱ्या उतरल्या होत्या.

"ही कोण?" ती म्हणाली.

"कोण म्हणजे? तू."

"मी नाही ही."

"अगं, तूच. रुमाल बघ. निळा होता तो."

"माझ्याकडे निळा रुमाल कधीच नव्हता." ती अजून वाकली. "कोपर बघा ना किती बारीक आहे. आणि हिने डाव्या हातात काहीतरी धरलंय. ही कोणतरी आपली बसलीये बिचारी, दमून." मग ती सरळ झाली आणि तिने चष्मा काढला. "इथे मी आलेच नव्हते. तुम्ही एकटे गेलात. माझं पोटाचं ऑपरेशन झालं ते वर्ष. आठव्या दिवशी तुम्ही ट्रंक कॉल लावलात, एक्स्चेंजमधल्या माझ्या मैत्रिणीने तो हॉस्पिटलात जोडून दिला, नर्सने मला चाकांच्या खुर्चीत घालून फोनपर्यंत नेलं. तुम्ही म्हणालात, प्रकाश फार सुंदर आहे, अजून दोन दिवस राहतो. मैत्रीण लाइनवर होती. तिने तीन मिनिटांच्या आधीच तोडला."

मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "मग अंडी कोणी सोलली?"

"अंडी?"

"दोन. उकडलेली. मीठ पुडीत होतं. तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता."

"मी टाके घातलेली आडवी होते," बायको म्हणाली, रागाने नाही, चुकीचा नंबर लागलेल्या माणसाला सांगतात तसं. "तुम्हाला तिथे कोणी अंडी सोलून दिली, मला काय माहीत?"

मी आत शोधायला लागलो. रुमाल होता, ऊन होतं, पुडीवरचं गणित होतं, लंगडत गेलेली पाठ होती. आणि त्या पाठीला चेहरा लावायला जावं तर तिथे शेजारचाच दगड येऊन बसत होता. कदाचित अंडी दुसऱ्या वर्षीची. कदाचित चप्पल आईची. कदाचित त्या दिवशी मी एकटाच सावलीत बसलो होतो आणि कोणी काहीच सोललं नव्हतं. जिथे ती होती तिथून मी तिला एकेक करून उचलून टाकलं होतं, तिच्या डोळ्यांसमोर, आणि जिथे ती नव्हती तिथे तिला थाटामाटात बसवत होतो. "परत आणता येईल ना?" मी स्कॅनिंगवालीला विचारलं. "ते दहा. परत आणता येतील?"

"येतील की सर. मूळ स्कॅन आहेत ना. एका मिनिटात येतील." तिचा हात चाललासुद्धा होता.

"नको गं," बायको म्हणाली. "काढायचं ठरलं होतं, काढलं. मी बघितलं." तिने पर्स खांद्याला लावली, पिशवी उचलली. "आणि हा यांनी ठेवायचा म्हटलाय, तर हिला ठेव. कोण कुठली, आठ मिनिटं बसलीये बिचारी. कोणीतरी राहू दे." तिने स्कॅनिंगवालीच्या हातावर हात ठेवला, मग माझ्याकडे वळून माझ्या हनुवटीकडे पाहिलं. "रक्त येतंय," ती म्हणाली, आणि गेली. जिन्यात तिची पावलं एका लयीत उतरत गेली. मला वाटलं, मधल्या वळणावर ती थांबेल. मी ते वळण येईपर्यंत मोजत होतो. पावलं थांबली नाहीत.

"सर, मग फाइल बंद करू?" स्कॅनिंगवाली म्हणाली. मी खिडकीशी गेलो. धाकटी मेहुणी शहराच्या कुठल्या टोकाला राहते हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे बायको दारातून निघून डावीकडे वळेल की उजवीकडे हेही ठाऊक नव्हतं. खाली जेवणाच्या सुट्टीची गर्दी होती, दोन्ही बाजूंना वाहणारी, वाटेत कोणासाठीच न थांबणारी. तिच्यात पिशव्या घेतलेल्या पन्नास बायका होत्या. त्यांतली एक नुकतीच या दारातून बाहेर पडली होती. मी काचेला कपाळ टेकून एकेकीकडे पाहत होतो. पाठ, खांदा, चाल. बसली असती तर मी तिला ओळखलं असतं, कालपासून मला ते यायला लागलं होतं. पण खाली त्या सगळ्याच चालत होत्या.